तीन डोक्यांचं कार्ड

परवा आमच्या घरात एक व्यवहार झाला आणि तो मला दोन दिवस उशिरा कळला. व्यवहार करणारे आमचे चिरंजीव, वय वर्षं अकरा. स्थळ, बाल्टिमोरजवळच्या आमच्या गावात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा भरणारा बेसबॉल कार्डांचा बाजार. चिरंजीवांनी एका टेबलवाल्याला एक जुनं कार्ड दिलं आणि बदल्यात चालू मोसमातल्या कुणा खेळाडूचं चकचकीत नवं कार्ड घेतलं. घरी येऊन ते प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलं, टेबलावर उभं करून ठेवलं, आणि विषय संपला.

माझ्यासाठी तो संपला नाही, कारण ते जुनं कार्ड शेजारच्या आजोबांनी दिलेलं होतं. १९८२ साली त्यांनी स्वतः पाकीट फोडून काढलेलं.

ज्यांना ह्या खुळाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची कार्डं निघतात, शंभर वर्षांहून जास्त काळ निघताहेत. पुढे फोटो, मागे आकडेवारी. पूर्वी ती गमच्या पट्टीबरोबर काही सेंटांच्या पाकिटात मिळायची. दरवर्षी नवा संच, त्यात प्रत्येक खेळाडूचं नवं कार्ड. ह्यातलं नवखेपणीचं जे कार्ड त्याला म्हणतात 'रूकी कार्ड'. रूकी म्हणजे नवखा. पुस्तकं जमवणाऱ्याला पहिल्या आवृत्तीचं जे अप्रूप, तेच कार्डवाल्यांना रूकी कार्डाचं. मी स्वतः लहानपणी काडेपेटीचे छाप वहीत चिकटवायचो, त्यामुळे ह्या वेडाला हसण्याचा अधिकार मला नाही.

तर आजोबांनी दिलेलं कार्ड होतं टॉप्स कंपनीच्या १९८२च्या संचातलं, एकूण ७९२ पैकी २१ नंबरचं. त्यावर तीन फोटो शेजारी शेजारी. बॉब बॉनर, कॅल रिपकेन आणि जेफ श्नायडर. बाल्टिमोर ओरिओल्स संघाचे भावी तारे, असा त्याचा मथळा.

"मग दिलंस का?" मी विचारलं.

"बाबा, ते खरं रूकी नव्हतं. त्या माणसाने सांगितलं. त्यात तीन डोकी आहेत. खरं रूकी त्याच वर्षी नंतर आलं, त्यात रिपकेन एकटा आहे. आणि त्यावर आरसीचा शिक्का पण नव्हता. ह्यावर आहे, बघ."

होता. कोपऱ्यात छोटासा, छापील, अधिकृत शिक्का होता.

आता हा लेख त्या टेबलवाल्याविरुद्ध नाही. त्याचं नाव मला ठाऊक नाही, आणि तो बोलला ते तो मनापासून मानतही असेल. निम्मे संग्राहक मानतात. माझं भांडण आहे ते त्या 'खरं' ह्या शब्दाशी. एका शब्दाच्या जोरावर अकरा वर्षांच्या मुलाच्या हातातली वस्तू काढून घेता येते, म्हणजे तो शब्द साधा राहिलेला नाही.

आधी तीन डोक्यांचं बघू.

रिपकेन मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला १० ऑगस्ट १९८१ला. त्या मोसमात तो २३ सामने खेळला, ३९ वेळा फलंदाजी केली आणि हिट मिळवले ५. सरासरी .१२८. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सात-आठ धावांची सरासरी असलेला पोरगा. त्याचं स्वतंत्र कार्ड काढावं असं टॉप्सला वाटलं नाही, ह्यात नवल ते काय? त्यांनी त्याला आणखी दोघांबरोबर एका कार्डावर कोंबलं. ह्या तिघांपैकी श्नायडर मेजर लीगमध्ये १९८१चा तो एकच मोसम खेळला. बॉनरचे सगळे मिळून शंभर सामनेही भरले नाहीत. आणि मधला पोरगा ३० मे १९८२ला जो मैदानात उतरला तो १९ सप्टेंबर १९९८पर्यंत एकही सामना चुकवल्याशिवाय लागोपाठ २६३२ सामने खेळला. लू गेरिगचा २१३० सामन्यांचा विक्रम त्याने १९९५ साली मोडला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, खेळ वीसेक मिनिटं थांबला होता.

हे सगळं त्या कार्डावर नाही. आणि म्हणूनच ते कार्ड मोलाचं आहे! ते छापणाऱ्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तीन पोरं, एकाच मापाचे तीन फोटो, आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेले. नवखेपण ह्याहून प्रामाणिकपणे कसं दाखवणार? नोकरीच्या पहिल्या दिवशी आपण सगळे असेच तीन-चार जणांच्या रांगेत उभे असतो, आणि साहेबाला आपली नावंसुद्धा नीट पाठ नसतात.

ही एकट्या रिपकेनची कथा नाही. पीट रोझच्या १९६३च्या रूकी कार्डावर चार डोकी आहेत. नोलन रायनच्या १९६८च्या कार्डावर शेजारी जेरी कूसमन आहे, आणि त्या वर्षी तरी दोघांतला सरस गोलंदाज कूसमनच ठरला. त्या वेळी कुणी तुम्हाला कार्डाचे दोन तुकडे करून एक निवडायला सांगितलं असतं, तर शहाण्या माणसाने कूसमन उचलला असता.

आता ते 'खरं' म्हणून सांगितलेलं दुसरं कार्ड. टॉप्सने १९८२च्या मोसमाच्या शेवटी १३२ कार्डांचा एक पुरवणी संच काढला. संघ बदललेले खेळाडू आणि नवे चेहरे, असा. त्यात रिपकेन एकटा आहे, देखणा आहे, आणि आज ते कार्ड तीन डोक्यांच्या कार्डापेक्षा बरंच महाग आहे. पण हा संच पाकिटातून आला नाही. तो अख्खा डबा कार्डांच्या व्यापाऱ्यांमार्फत विकला गेला. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन खिशातली नाणी मोजणाऱ्या पोराला तो मिळण्यासारखा नव्हता. आणि मुख्य म्हणजे तोवर निकाल लागलेला होता. रिपकेनने त्या मोसमात २८ होमरन मारले आणि अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा तोच ठरला. वरात निघाल्यावर घोडा सजवण्यात कसलं धाडस? बेकेटच्या किमतीच्या पुस्तकांनीही ह्या पुरवणी कार्डांना सरळ रूकी म्हटलं नव्हतं, त्यांच्यासाठी 'विस्तारित रूकी' असा वेगळा वर्ग केला होता. म्हणजे जुन्या जाणत्यांनाही तो फरक कळत होता.

गैरसमज नको. माझा राग एकट्या फोटोवर नाही. त्याच १९८२ साली फ्लीअर आणि डॉनरस ह्या कंपन्यांच्या साध्या पाकिटांतही रिपकेन एकटाच होता, आणि तीही रूकी कार्डंच. डोकी मोजून खरंखोटं ठरवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आता शिक्क्याकडे वळू. तिथे खरी मौज आहे.

नव्वदच्या दशकात सगळा गोंधळ झाला होता, हे मान्य. कंपन्या वाढल्या, आणि शाळा-कॉलेजातून नुकत्याच निवडलेल्या पोरांची कार्डं मुख्य संचात धडाधड येऊ लागली. डेरेक जीटरची सर्वमान्य रूकी कार्डं १९९३ची आहेत. तो मेजर लीगमध्ये उतरला १९९५ला, आणि सर्वोत्तम नवख्याचा किताब मिळाला १९९६ला! त्याच्या आधी मार्क मॅग्वायरचं १९८५चं कार्ड निघालं होतं तेव्हा तो ऑलिम्पिकसाठीच्या अमेरिकन संघाच्या गणवेशात होता. मेजर लीगमध्ये यायला त्याला आणखी वर्ष लागलं. लग्नाच्या आधी बारसं म्हणतात ते हेच.

ह्यावर २००६ साली खेळाडूंच्या संघटनेने नियम घातला. मुख्य संचात तोच खेळाडू घ्यायचा जो मेजर लीगच्या संघात दाखल झालाय किंवा निदान एक सामना खेळलाय, आणि त्याच्या त्या वर्षीच्या कार्डावर रूकीचा अधिकृत शिक्का मारायचा. कागदावर नियम चोख. मोठ्या लीगमध्ये आल्याशिवाय कुणाला तिथला नवखा म्हणू नये, हे तत्त्व मला शंभर टक्के पटतं. जीटरचे चाहते दगड मारतील, पण त्याचं १९९३चं कार्ड हे त्याचं पहिलं कार्ड आहे, रूकी कार्ड नाही, असंच माझं मत आहे.

पण ह्या शिक्क्याने पुढे काय केलं बघा. होतकरू पोरांची कार्डं बंद झाली का? छे. ती मुख्य संचाबाहेर, वेगळ्या क्रमांकांनी चालू राहिली, आणि पुढे त्यांच्यावर 'पहिलं' असा आणखी एक शिक्का आला. म्हणजे एकाच खेळाडूचं पहिलेपण दोनदा विकायची सोय झाली. एकदा तो कोणी नसताना, आणि दुसऱ्यांदा तो मेजर लीगमध्ये आल्यावर. शिवाय अधिकृत रूकी कार्डाच्या सोनेरी, निळ्या, हिरव्या, लाल किनारीच्या आवृत्त्या, कुठे पन्नासच प्रती, कुठे दहाच, कुठे एकच. शिक्का सगळ्यांवर. एका माणसाची मुंज एका वर्षात चाळीस वेळा लागते आणि प्रत्येक वेळी आहेर वेगळा!

बाजारालाही हा शिक्का पटलेला नाही. माइक ट्राउटचं अधिकृत रूकी कार्ड २०११चं, कारण तो त्या वर्षी जुलैमध्ये मेजर लीगमध्ये आला. पण २०२०च्या ऑगस्टमध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरना गेलं ते त्याचं २००९चं, मायनर लीगच्या दिवसांतलं, सहीचं, जगात एकच प्रत असलेलं कार्ड. पॉल स्कीन्सचं २०२४च्या पदार्पणाच्या जर्सीवरचा बिल्ला जडवलेलं एकमेव कार्ड अकरा वर्षांच्या एका मुलाला पाकिटात सापडलं आणि २०२५च्या मार्चमध्ये ११ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. त्या मुलाचं भलं झालं, आनंद आहे. पण एकच प्रत असलेल्या वस्तूला मी लॉटरीचं तिकीट म्हणेन. लॉटरी लागते, ती जमवत नाहीत.

आणि ह्या नियमाचा सगळ्यात मोठा विनोद तर १९८९चा आहे. अपर डेक कंपनीने आपल्या पहिल्याच संचात १ नंबरचं कार्ड दिलं केन ग्रिफी ज्युनियरला. वय १९, मेजर लीगमध्ये एक चेंडूही खेळलेला नाही. मरिनर्सच्या टोपीतला त्याचा फोटोसुद्धा नव्हता. मायनर लीगच्या फोटोतली टोपी रंगवून मरिनर्सची केली! कार्ड छापून झालं, मग पोरगा संघात निवडला गेला, आणि ३ एप्रिल १९८९ला पदार्पण झालं. आज त्या पिढीचं सर्वांत लाडकं रूकी कार्ड कुठलं विचाराल तर दहातले नऊ जण हेच सांगतील. २००६चा नियम तेव्हा असता तर हे कार्ड मुख्य संचात छापताच आलं नसतं.

मग माझी व्याख्या काय? नुसतं नावं ठेवून भागत नाही, म्हणून सांगतो. खेळाडू ज्या मोसमात मेजर लीगमध्ये आला त्या मोसमाच्या संचातलं, आणि त्यात नसेल तर लगेच पुढच्या संचातलं, प्रत्येक कंपनीचं एक कार्ड. मुख्य संचातलं, साध्या पाकिटात कुणालाही मिळू शकणारं, साध्या किनारीचं. डोकी कितीही असोत. बस्स. मॅन्टलचं १९५१चं बोमन ह्यात बसतं, हॅन्क आरनचं १९५४चं टॉप्स बसतं, ग्रिफी बसतो, तीन डोक्यांचा रिपकेन बसतो. ट्राउटचं २०११चं बसतं, शिक्का असो वा नसो.

ह्यावर हमखास येणारा प्रश्न असा की, "मग बाकीची कार्डं काय कचरा?" अजिबात नाही. मिकी मॅन्टलचं १९५२चं टॉप्स कार्ड २०२२च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. ते त्याचं रूकी कार्ड नाही, रूकी त्याच्या आदल्या वर्षीचं आहे, आणि हे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, पोरासोरांना, सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचं काही अडलं? एवढ्या मोठ्या किमतीला जर 'खरं रूकी' ह्या बिरुदाची गरज पडली नाही, तर तुमच्या माझ्या कार्डांना ते खोटं चिकटवायची काय गरज? बेब रूथचं १९१४चं बाल्टिमोरच्या वर्तमानपत्राने काढलेलं, मायनर लीगमधलं कार्ड २०२३च्या डिसेंबरमध्ये ७२ लाख डॉलरना गेलं. त्याला 'रूथचं पहिलं कार्ड' म्हणा की. महाग म्हणजे खरं आणि दुर्मीळ म्हणजे पहिलं, ही गल्लत एकदा सोडून दिली की निम्मी भांडणं मिटतात.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे आणि तो मी टाळणार नाही. मेजर लीगमध्ये आला तोच नवखा, असं म्हटलं की सॅचेल पेजचं काय करायचं? हा माणूस १९२०च्या दशकापासून कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये गोलंदाजी करत होता. मेजर लीगने कातडीच्या रंगावरून दार बंद ठेवलं होतं. १९४७ला जॅकी रॉबिन्सन आत आला, आणि १९४८च्या जुलैमध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, पेज क्लीव्हलंडसाठी उतरला. लीफ कंपनीच्या १९४८-४९च्या संचातलं त्याचं कार्ड हे त्याचं रूकी कार्ड मानलं जातं. बेचाळीस वर्षांचा नवखा! मग २०२०च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगनेच जाहीर केलं की १९२० ते १९४८मधल्या त्या सात लीगही मेजरच होत्या. म्हणजे कागदोपत्री पेज १९२०च्या दशकातच 'आला', आणि तेव्हाचं त्याचं कार्ड शोधायला जाल तर पाकिटात मिळणारं काहीच नाही. कारण गम कंपन्यांना ते खेळाडू दिसतच नव्हते.

माझ्या व्याख्येला इथे भोक पडतं, कबूल. पण मला ते भोक बुजवायचं नाही. पेजच्या कार्डावरचा पिकल्या वयाचा चेहरा आणि 'रूकी' हा शब्द शेजारी ठेवला की त्या दाराची सगळी लाज एका नजरेत दिसते. व्याख्या गुळगुळीत केली तर ती दिसेनाशी होईल. आणि शिक्के मारणाऱ्यांचा निकाल बहात्तर वर्षांनी फिरू शकतो, हेही त्यातून कळतं. कार्ड कधी छापलं, कुठे विकलं, छापणाऱ्याला तेव्हा काय माहीत होतं, ह्या गोष्टी कुणाला फिरवता येत नाहीत. विश्वास ठेवायचा तर त्यांच्यावर ठेवावा.

असो. व्यवहाराचं पुढे काय झालं ते सांगतो.

पुढच्या बाजाराला आम्ही बापलेक गेलो. तो टेबलवाला होता, कार्ड नव्हतं. विकलं म्हणाला. चिरंजीवांनी हॉलभर फिरून दुसऱ्या एका टेबलावर तेच कार्ड शोधलं, खाऊच्या पैशांतून घेतलं. एक कोपरा किंचित दुमडलेला आहे. ते काही दुर्मीळ कार्ड नाही, मिळतं. गाडीत बसल्यावर म्हणाला, "पण हे आजोबांचं नाही ना." मी गाडी सुरू केली.

संध्याकाळी आजोबांकडे गेलो. खरं तर माफी मागायला गेलो होतो. चिरंजीवांनी सगळं सांगितलं, कार्ड पुढे केलं. आजोबांनी चष्मा लावला, कार्ड उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघत बसले. मग डावीकडच्या फोटोवर बोट ठेवलं.

"ह्याच्यासाठी ठेवलं होतं मी," ते म्हणाले. "बॉनर. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, पुढचा शॉर्टस्टॉप हाच."